खाज नसलेल्या आजींनाही औषध हवंच

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. पुरात आम्ही अकरा दिवस हायस्कूलच्या निवारा केंद्रात होतो. एका वर्गात पाच घरं, जनावरं बाहेर पटांगणात. पाणी उतरल्यावर घरी आलो आणि साधारण महिन्याने आधी मला, मग मुलांना, मग सगळ्यांनाच खाज सुरू झाली. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मेडिकलमधून मलम आणलं, चार दिवस बरं वाटलं, नंतर दुप्पट झालं. आता ज्याला खाजतं त्याला लावतो, असं चाललंय. घरात सासू-सासरे, मिस्टर, मी, जाऊबाई, माझी आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि जाऊबाईंचं दीड महिन्याचं बाळ. दीर पुण्याला कंपनीत आहेत, शनिवार-रविवार येतात. आजेसासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच करते. त्यांच्या तळहातावर आणि बोटांवर जाड खपल्या धरल्यात, पण त्यांना खाज नाही म्हणून काही लावलं नाही. मुलाच्या बोटांच्या बेचक्यात आता पू झालाय, शाळेने घरी पाठवलं. आमच्या आळीत अर्ध्या घरांत हेच आहे. म्हशीलाही लूत लागली आहे. पुराचं घाण पाणी लागून हे झालं का? सासरे म्हणतात, गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात टाकून सगळ्यांनी आंघोळ करा, एका दिवसात जाईल. करावं का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गोचिडांचं औषध कुणाच्याही अंगाला लावू नका, आंघोळीच्या पाण्यातही टाकू नका. ते कीटकनाशक जनावरासाठी बनवलेलं असतं. तुमच्या घरातल्या सगळ्यांची कातडी खाजवून सोललेली आहे, आणि सोललेल्या कातडीतून विष अंगात लवकर भिनतं. मुलांना धोका त्याहून जास्त, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा असतो. उलट्या, गुंगी, झटके इथपर्यंत पाळी येऊ शकते. म्हशीला किडे मारायला देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन माणसाला नको, द्राक्षबागेत भुरीवर मारायचं गंधकही नको. रॉकेल तर नकोच. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, तेवढी बाटली मात्र आजच कुलपात ठेवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही खरूज वाटते. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र तुम्ही जाता जाता लिहिलंय: आजेसासूबाईंच्या हातावर जाड खपल्या आहेत आणि त्यांना खाज नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण आमचा पहिला संशय तिथेच जातो. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण हे हुकलं तर बाकीच्यांना कितीही औषध लावलं तरी खाज पुन्हा येत राहील.

खरूज एका आठपायी सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बीळ करते, महिना-दीड महिना तिथेच राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं साधारण दोन आठवड्यांत वाढून पुन्हा तेच चक्र सुरू करतात. खाज सुटते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांना आपलं शरीर वैतागतं म्हणून. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच खरूज होते त्याच्या शरीराला हे उमगायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून निवारा केंद्रात लागलेली खरूज घरी परतून महिना झाल्यावर दिसली. आधी कधी होऊन गेली असेल तर एक ते चार दिवसांतच खाज सुटते. मधल्या काळात ज्याला काहीच वाटत नाही तोही दुसऱ्याला देत असतो.

एरवी धडधाकट माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात. खाजवण्याने बिळं मोडतात, किडे मरतात, संख्या आटोक्यात राहते. पक्षाघात झालेल्या माणसाला त्या बाजूची संवेदना कमी असते आणि खाजवायला हात उचलत नाही. वय झालेलं असतं, मधुमेह असला तर प्रतिकारशक्ती आणखी उतरलेली. अशा अंगावर किडे हजारांनी, कधी लाखांनी वाढतात. तळहात, बोटं, कोपर, नखांखाली राखाडी-पिवळट जाड खपल्या धरतात, आणि खाज मात्र नावापुरती किंवा अजिबात नाही. याला खपल्यांची खरूज म्हणतात. सोरायसिस किंवा कोरडी कातडी समजून ती महिनोन्महिने तशीच राहते. घरात आधी तुम्हालाच खाज सुटली आणि आजींना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तुम्हीच करता, हे दोन्ही जुळतं. वर्गात पाच घरं जवळजवळ झोपली होती, तेव्हा आळीत ती कुठून पसरली असेल याचाही अंदाज येतो. यात आजींचा काही दोष नाही, त्यांनाही ती कुणाकडून तरीच लागली. हे घरात कुणी बोलून दाखवू नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

आजींना दोन-चार दिवसांत त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या; ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. नेणं शक्य नसेल तर हातांचे आणि नखांचे जवळून, उजेडात काढलेले फोटो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. खपलीचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की किडे दिसतात, निदान पक्कं होतं. त्यांचा उपचार तुमच्यापेक्षा वेगळा आणि लांब असतो. परमेथ्रिनचं मलम (त्याची माहिती खाली आहे) एकदा लावून भागत नाही. ते वारंवार लावायचं, डोक्यासकट. खपल्या मऊ करायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी. आजार जास्त असला तर पाच किंवा सात मात्रांपर्यंत. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तोवर त्यांचं करताना हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घाला. चादर रोज बदला, झडलेल्या खपल्या झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका.

आता घरातल्या बाकीच्यांकडे वळू. तुम्ही ज्याला खाजतं त्याला औषध लावत गेलात, म्हणून खाज घरात फिरत राहिली. आज तुम्ही बऱ्या झालात की चार दिवसांनी मुलाकडून परत घ्यायची, असं चक्र. औषध सगळ्यांना एकाच रात्री लागलं पाहिजे, खाज असो वा नसो. दीरांनाही. ते शनिवारी येतात म्हणून शनिवारची रात्र धरा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा. पुण्यात त्यांच्या खोलीवर आणखी कुणी राहत असेल तर त्यांनाही सांगावं लागेल. लाजेपायी हे टाळतात आणि मग सगळं मुसळ केरात जातं. खरूज अस्वच्छतेने होत नाही, अंगाला अंग लागल्याने होते. दाटीवाटीत झोपावं लागलं की स्वच्छ माणसालाही होते.

औषध म्हणजे परमेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅम लागतं. आठ वर्षांच्या मुलीला साधारण १५, तीन वर्षांच्या मुलाला ७-८ ग्रॅम. आजी आणि तान्हं बाळ सोडून तुम्ही सहा मोठी माणसं, म्हणजे १८० ग्रॅम, अधिक मुलांचं. एका वेळचं दोनशेच्या आसपास आणि दोन वेळचं चारशे. ६० ग्रॅमच्या ७ ट्यूब आणा. एका छोट्या ट्यूबमध्ये सगळं घर उरकायचं आणि फक्त खाजतं तिथे ठिपके लावायचे, हेच औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं. परमेथ्रिनचा साबण मिळतो, पण तो मिनिटभरात धुऊन जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. खर्च झेपत नसेल तर आरोग्य केंद्रात बेंझिल बेंझोएट २५ टक्के आहे का विचारा. ते आग करतं, आणि मुलांना पातळ करूनच लावायचं असतं, किती ते डॉक्टर सांगतील. घरात गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड या खरजेवरच्या जुन्या औषधाची बाटली असेल तर टाकून द्या, ती मज्जासंस्थेला घातक आहे.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांची नखं अगदी बारीक कापा. साध्या पाण्याने आंघोळ, अंग कोरडं करा आणि पूर्ण गार होऊ द्या. कढत पाण्याने आंघोळ करून लगेच मलम लावू नका. मग कानामागे आणि मानेपासून खाली एकही जागा न सोडता लावा: बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, काखेत, बेंबीत, स्तनांखाली, जननेंद्रियावर, कुल्ल्यांच्या फटीत, तळपायाला, नखांखाली. आता एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक घरात राहून जाते. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, जोडवी, हातातला गंडा आणि मुलांच्या कमरेचा करदोटा काढा. करदोट्याखालची आणि बांगडीखालची एवढीशी पट्टी कोरडी राहते आणि नेमकी तिथे बिळं असतात. दोरा कापून टाका, दुसऱ्या उपचारानंतर नवा बांधा. साठीच्या पुढच्यांना आणि दोन वर्षांखालच्यांना डोकं, कपाळ, कानांनाही लावायचं, डोळे-तोंड सोडून. तीन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर पुरळ असेल तर त्यालाही. पाठीला लावायला दुसऱ्याने मदत करायची. रात्री हात धुतले, लघवीला उठून पाणी घेतलं तर तिथे परत लावायचं. भाकरी थापणं, भांडी घासणं आधी उरकून घ्या. ८ ते १२ तास ठेवून सकाळी आंघोळ, स्वच्छ कपडे. पहिल्या हातातून, म्हणजे पहिल्या वेळच्या मलमातून, वाचलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं पुढची अंडी घालायच्या आत मरावीत, म्हणून सात दिवसांनी दुसरा हात. बरं वाटतंय म्हणून तो चुकवू नका.

जाऊबाई बाळाला पाजतात. मलम चालेल, पण पाजण्याआधी स्तन धुऊन घ्यायचे आणि नंतर तिथे पुन्हा लावायचं. दीड महिन्याच्या बाळाला मात्र मनाने परमेथ्रिन लावू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना सहसा ५ ते ६ टक्के गंधकाचं व्हॅसलिनमधलं मलम सलग तीन रात्री डोक्यापासून तळपायापर्यंत लावतात. ते औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर बनवून मिळतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच करा. हात तोंडात जातील म्हणून मोजे घाला.

गोळ्यांचं सगळे विचारतात. आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, जेवणानंतर, आणि ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मलम सगळीकडे नीट लावणं जमत नाही अशा ठिकाणी गोळीचा फार उपयोग होतो.

तुम्ही आणलेल्या पहिल्या मलमाची ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एक नाव असणार असं वाटतं. ही स्टेरॉइडं आहेत. खाज आणि लाली दाबतात म्हणून चार दिवस बरं वाटतं, पण किडे मरत नाहीत, उलट शरीराचा पहारा उठल्यावर फोफावतात. पुरळाचं रूप बदलून निदानही फसतं. चिठ्ठीशिवाय अशी मिश्र मलमं आपल्याकडे सर्रास मिळतात, हा आमच्या मते पूरग्रस्त भागातला मोठा घात आहे. बंद करा.

मुलाच्या पुवाकडे आजच लक्ष द्या. खाजवलेल्या जागेत जंतू शिरले आहेत. त्याला लगेच डॉक्टरांना दाखवून प्रतिजैविक सुरू करा. खरजेचं औषध त्याच्यासोबत कधी लावायचं ते डॉक्टर ठरवतील. कातडीवरच्या या जंतूंपैकी एक जात मूत्रपिंडांना सूज आणते, आणि तीही पू झाल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची, डोकेदुखी, असं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, तिथे लघवी आणि रक्तदाब तपासतील. मुलगी पहिला हात लागल्यावर दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकते. मुलाचा पू आटेपर्यंत थांबा.

कपड्यांचं मात्र फार मनावर घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत झोपवून पाहिलं. फार थोड्यांना लागली. रुग्णाच्या शेजारी झोपलेल्यांना मात्र लागली. म्हणून घरभर फवारणी, भिंती धुणं याची गरज नाही. गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी तेवढ्या हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा, मग ऊन किंवा इस्त्री. गोधड्या आणि गाद्या धुता येत नाहीत. त्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो, पण दमट आणि गार हवेत थोडा जास्त, म्हणून पूर्ण आठवडा ठेवा. मदतीत आलेले वापरलेले कपडे आणि ब्लँकेटंही तशीच. आजींचं अंथरूण याला अपवाद आहे, तिथे गळलेल्या खपल्यांत जिवंत किडे असतात, म्हणून तिथली चादर आणि गोधडी काटेकोरपणे हाताळा.

पुराच्या पाण्याने खरूज होत नाही. त्याने चिखल्या होतात, नायटा फोफावतो, पायाला जखमा चिघळतात. ते वेगळं ओळखावं लागतं. चिखल्या पायाच्या बोटांत पांढऱ्या, ओल्या, वास येणाऱ्या. नायट्याला गोल कडा आणि मध्ये साफ कातडी. खरूज हाताच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेभोवती; रात्री वाढते आणि एकाहून जास्त जणांना असते. शंका असेल तर एक सोपी परीक्षा घरीही करता येते. बेचक्यातल्या संशयित जागी शाईच्या पेनाची शाई चोळा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बीळ असेल तर पाच ते दहा मिलिमीटरची नागमोडी निळी रेघ मागे उरते. उरली नाही म्हणून खरूज नाही असं मात्र नाही.

म्हशीची लूत वेगळ्या जातीच्या किड्यांमुळे होते. तिच्यापासून हाताला, पोटाला पुरळ येऊ शकतं, पण तो किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही. पशुवैद्याकडून तिचा इलाज करा, धार काढणाऱ्याचं पुरळ आपोआप जाईल.

राहिली आळी. दाटीवाटीची छावणी आणि मोडलेली घडी असली की खरूज पसरते. पाकिस्तानात २०२२ च्या पुरानंतर आणि तुर्कस्तानात २०२३ च्या भूकंपानंतर तेच झालं. तुमच्याकडे २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पाठोपाठ आले, पुन्हा येणार नाहीत असं धरून चालता येत नाही. आशाताईंना घेऊन त्या शाळेत राहिलेल्या सगळ्या घरांची यादी करा: माणसं, वयं, वजनं, गरोदर कोण, दोन महिन्यांखालचं बाळ कुठे, अंथरुणाला खिळलेलं कोण. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि सगळ्या घरांवर एकाच दिवशी उपचार मागा. फिजीत बेटांवर याचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. फक्त खरूज असलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना औषध दिलं तिथे वर्षभराने खरजेचं प्रमाण ३७ टक्क्यांवरून १९ वर आलं. सगळ्या वस्तीला परमेथ्रिन दिलं तिथे ४२ वरून १६ वर. सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिलं तिथे ३२ वरून २ वर. दहातल्या एकाहून जास्त लोकांना खरूज असेल तर सगळ्यांनाच औषध द्यावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. अर्ध्या घरांचा आकडा घेऊन गेलात तर तुमचं म्हणणं ऐकावंच लागेल.

दुसरा हात लागल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. किडे मेलेले असतात, पण त्यांचे अवशेष कातडी गळेपर्यंत आतच असतात. या दिवसांत रोज परमेथ्रिन चोळू नका, त्यानेच कातडी जळजळते. खोबरेल तेल किंवा कॅलामाइन लावा, रात्री खाज कमी करणारी सेटिरिझिनची गोळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, मुलांची मात्रा वेगळी असते. पुरुषांच्या अंडकोशावर, काखेत कडक गाठी राहिल्या तर त्या काही महिने टिकू शकतात, त्यासाठी पुन्हा किडे मारायचं औषध लागत नाही. पण चार आठवड्यांनंतर नवे फोड किंवा नव्या रेघा उमटत असतील, तर औषध कुणाचं राहिलं ते आधी पाहा. दीरांनी दुसऱ्या शनिवारी लावलं का आणि आजींच्या खपल्या पूर्ण गेल्या का, हे दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारा, आणि मगच डॉक्टरांकडे परत जा.